सोळा नंबरकडून हरले आणि पुढच्याच वर्षी चॅम्पियन झाले: व्हर्जिनियाचं नशीब किती, खेळ किती?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर प्रश्न असा आलाय: "सर, २०१९ च्या व्हर्जिनियाला लोक लकी चॅम्पियन म्हणतात, शेवटच्या तिन्ही मॅच हरता हरता जिंकले. तुम्ही त्यांचे फॅन, तुम्हाला काय वाटतं? आणि त्यांचा तो पॅक लाइन डिफेन्स आमच्या कॉलेजच्या पोरांना शिकवण्यात अर्थ आहे का?"

अरे, लकी होतेच की. हे आधीच मान्य करून टाकतो म्हणजे त्यावर भांडायला नको. ऑबर्नविरुद्धच्या सेमीफायनलला आमच्या टाय जेरोमचा डबल ड्रिबल (बॉल दोन्ही हातांनी धरून परत ड्रिबल) रेफरीने दिला नाही. दिला असता तर बॉल ऑबर्नकडे, मॅच संपली, आणि आज तू मला हा प्रश्नच विचारला नसतास. फॅन असलो तरी डोळे आहेत मला. पण "लकी" म्हणून विषय बंद करणारी माणसं शेवटची पाच-सहा सेकंदं बघून बोलतात, आणि मी बावीस वर्षं कॉलेजच्या पोरांना सिमेंटच्या कोर्टवर हाच खेळ शिकवतोय त्यामुळे मला त्या सेकंदांत जे दिसतं ते जरा वेगळं आहे. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

ज्यांना तिकडचं कॉलेज बास्केटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मार्चमध्ये ६८ टीमची नॉकआउट स्पर्धा असते, एक हरलं की घरी. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ नंबर लावलेले, आणि पहिल्या राउंडला १ नंबरसमोर १६ नंबर. २०१८ च्या त्या रात्रीपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत अशा १३५ मॅच झाल्या होत्या आणि १३५ च्या १३५ एक नंबरवाल्यांनी जिंकल्या होत्या. (महिलांच्या स्पर्धेत १९९८ लाच हार्वर्डने स्टॅनफर्डला पाडलं होतं, ते कुणाच्या लक्षात नसतं.)

तर १६ मार्च २०१८, शार्लट. आपल्याकडे १७ तारखेची सकाळ, दुसऱ्या दिवशी पाडवा, घरात श्रीखंडासाठी चक्का बांधायची गडबड आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेलो, की चला, ही सोपी मॅच आहे, अर्ध्या तासात उठू. समोर युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड बाल्टिमोर काउंटी, म्हणजे यूएमबीसी, जी युनिव्हर्सिटी बास्केटबॉलपेक्षा बुद्धिबळाच्या टीमसाठी जास्त ओळखली जायची. हाफटाइमला २१-२१. मला तेव्हाही काही वाटलं नाही, व्हर्जिनिया असंच खेळते. आणि मग दुसऱ्या हाफला त्या पोरांनी ५३ पॉइंट मारले. ५३! व्हर्जिनिया त्या सीझनला अख्ख्या मॅचमध्ये साधारण तेवढे द्यायची. जायरस लाइल्स नावाच्या गार्डने एकट्याने २८. फायनल स्कोअर ७४-५४. हरणं वेगळं आणि २० ने हरणं वेगळं, त्यात तुम्ही अख्ख्या देशात एक नंबर, ३१-२ रेकॉर्डवाले. चक्का राहिला बाजूला, बायकोने विचारलं कोण गेलं का.

त्या मॅचबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. व्हर्जिनियाचा डी'आंद्रे हंटर त्या मॅचला नव्हता, त्याच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. हंटर म्हणजे सहा फूट सात इंचाचा असा पोरगा जो गार्डलाही धरतो आणि मोठ्या माणसालाही धरतो. तो नसल्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही, २० पॉइंटचा फरक एका माणसाने भरत नाही. पण त्या सिस्टीममध्ये तो कुठल्या भेगा बुजवायचा हे कळायला आधी ती सिस्टीम कळली पाहिजे.

पॅक लाइन. व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट, त्यांचे वडील डिक बेनेट, विस्कॉन्सिनकडचे कोच, ही त्यांची वस्तू. याच डिफेन्सवर ते २००० साली विस्कॉन्सिनला फायनल फोरपर्यंत घेऊन गेले होते. कल्पना अशी की रिंगपासून १६ फुटांवर एक अर्धगोल रेष आहे असं समजायचं, कोर्टवर ती दिसत नाही. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यावरचा डिफेंडर बाहेर जाऊन त्याला दाबणार, बाकीचे चारही जण त्या रेषेच्या आत. आपल्याकडे आपण पोरांना काय शिकवतो? आपला माणूस सोडू नको, पास मिळू देऊ नको, चिकटून राहा. इथे उलटं, पास मिळू दे, बाहेर बाहेर फिरवू दे बॉल, आत घुसू देऊ नको. ड्राइव्ह करणाऱ्याला पुढे एक माणूस दिसत नाही, तीन दिसतात. कबड्डीत कोपरा घाई करून सुटला की फळी उघडी पडते ना, तसंच आहे, इथे कुणी हिरोगिरी करून स्टील मारायला झेपावायचं नाही, जागा धरून बसायचं. कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच पोरांना आवडत नाही.

आणि याची किंमत पण आहे. आत चार जण बसले की बाहेरचा शूटर मोकळा होतो, त्याच्याकडे बॉल गेला की आतून पळत जाऊन हात वर करून उभं राहायचं, त्याला क्लोजआउट म्हणतात, आणि हे एका पझेशनला, म्हणजे समोरच्याकडे एकदा बॉल आला की तो जाईपर्यंत, चार-चार वेळा करायला लागतं. तेव्हा तिकडची कॉलेजची थ्री पॉइंट लाइन २० फूट ९ इंचांवर होती. म्हणजे पॅक लाइनपासून तिथपर्यंत पाच फुटांपेक्षाही कमी, दोन ढांगा. (२०१९-२० पासून ती आणखी मागे गेली.) दोन ढांगाच आहेत पण एक ढांग उशीर झाली की खेळ खल्लास. यूएमबीसीने २४ थ्री टाकले, १२ आत. व्हर्जिनियाने २२ टाकले, ४ आत. या दोन आकड्यांवर बाकी काही न सांगता ती मॅच समजते. हंटरसारखा लांब हातांचा माणूस असता तर त्या १२ मधले दोन-तीन तरी त्याने खराब केले असते असं मला वाटतं, पण ते वाटणंच.

आता नशिबाच्या मुद्द्यावर येतो. बेनेटची टीम हळू खेळते. २०१९ ला पहिल्या डिव्हिजनमध्ये ३५३ टीम होत्या आणि आकडेवारीवाल्या केन पॉमरॉयच्या हिशोबात वेगाच्या यादीत व्हर्जिनिया ३५३ वी, सगळ्यात शेवटी. मॅचला साठेक पझेशन, फास्ट टीम असेल तर सत्तरच्या वर जाते. त्याचा परिणाम काय? टेस्ट मॅच आणि टी-ट्वेंटी. टेस्टमध्ये तगडी टीम पाच दिवसांत कधीतरी आपलं पाणी दाखवतेच, टी-ट्वेंटीत कुठलाही लिंबूटिंबू एका संध्याकाळी पाडून जातो, कारण चेंडूच कमी. बास्केटबॉलमध्ये फरक एवढा मोठा नाही, लोक उगाच फुगवून सांगतात, पण आहे. पझेशन कमी म्हणजे चांगल्या टीमला चांगलेपणा सिद्ध करायच्या संधी कमी, आणि मोठी आघाडी घेणं अवघड जातं, त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत मॅच अजून जिवंत. म्हणजे बघ, यूएमबीसीकडून हरणं आणि २०१९ ला तीन मॅच शेवटच्या सेकंदाला जिंकणं, दोन्ही एकाच झाडाची फळं. जो असा खेळतो त्याला शेवटचा मिनिट टाळता येतच नाही. मग माझ्या दृष्टीने खरा प्रश्न हा की त्या शेवटच्या मिनिटासाठी त्यांच्याकडे २०१८ ला काय नव्हतं आणि २०१९ ला काय आलं.

आणि उत्तर डिफेन्स नाही. डिफेन्स तोच, शब्दशः तोच. बदलला तो ऑफेन्स. आधी त्यांचा ठरलेला प्रकार म्हणजे दोन मोठी पोरं दोन बाजूंना स्क्रीन लावत (डिफेंडरच्या वाटेत आडवं उभं राहत) बसणार आणि गार्ड त्यांच्याभोवती पळत बसणार, छान दिसतं, पण समोरचा पुढे पळाला आणि तुम्हाला दहा पॉइंट भरून काढायचेत तर तो ऑफेन्स म्हणजे बैलगाडी. २०१९ ला बेनेटने त्यात बॉल स्क्रीन वाढवले, म्हणजे बॉलवाल्याच्या शेजारीच स्क्रीन, आणि बॉल जेरोमच्या हातात. सहा फूट पाच इंचाचा गार्ड, डोक्यावरून बघतो, घाई नावाची गोष्ट नाही. एका बाजूला काइल गाय, शूटर. दुसऱ्या बाजूला हंटर. तिघांपैकी कुणालाही मोकळं सोडता येत नाही. पॉमरॉयच्या वर्षअखेरच्या यादीत ऑफेन्स दोन नंबरला, डिफेन्स पाच नंबरला. लोक अजून त्यांना "डिफेन्सची टीम" म्हणतात. अरे, देशात दोन नंबरचा ऑफेन्स होता! हळू खेळायचे म्हणून स्कोअर छोटा दिसायचा, बस.

आणि माणसाबद्दल एक. काइल गायने यूएमबीसीच्या मॅचनंतरचा आपलाच फोटो, तो वाकून उभा आणि मागे ती पोरं नाचतायत, फोनवर लावून ठेवला होता. चिंतेचा त्रास होतो हे त्याने उघडपणे लिहिलं होतं, वीस-एकवीस वर्षांच्या पोराने. आपल्याकडे हरल्यावर कोच पहिलं काय म्हणतो, विसरा, पुढच्या वर्षी बघू. मी पण म्हणायचो. आता म्हणत नाही.

२०१९ ची पहिली मॅच, पुन्हा एक नंबर, पुन्हा १६ नंबर, या वेळी गार्डनर-वेब. आणि पुन्हा तेच, १४ ने मागे, हाफटाइमला ३६-३०. मी तर लॅपटॉप बंद करायला हात टाकला होता. पण शेवटी ७१-५६ ने जिंकले. मला विचारशील तर स्पर्धेतली सगळ्यात अवघड मॅच ही, कारण बाकीच्या मॅचला समोरची टीम होती आणि इथे समोर मागचं वर्ष होतं. पुढे ओक्लाहोमाला ६३-५१, ओरेगनला ५३-४९, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, ओरेगनची मॅच तर झोप आणणारी होती, फॅन म्हणून कबूल करतो.

मग पर्ड्यू. लुइव्हिल शहरात. ही मॅच तू बघितली नसशील तर आधी बघ आणि मग पुढचं वाच. पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या दिवशी काय खेळला म्हणून सांगू, ४२ पॉइंट, १० थ्री. काही थ्री असे की समोर हात, पाय हवेत वाकडे, बोर्डाच्या अंगाने येऊन आत. पॅक लाइनवाल्यांनी सगळं बरोबर करूनही तो मारत होता, आणि अशा वेळी कोचची खरी परीक्षा असते, सिस्टीम बदलायची का? बेनेटने बदलली नाही. गायने २५ मारले, जेरोमने २४, आणि मॅच शेवटपर्यंत ओढत आणली.

५.९ सेकंद. पर्ड्यू ७०, व्हर्जिनिया ६७. जेरोम फ्री थ्रो लाइनवर. पहिला आत. दुसरा चुकला. आता इथून हळू वाच. ममादी डियाकिटे, गिनीहून आलेला पोरगा, गर्दीत उडी मारतो, रिबाउंड धरणं शक्य नाही म्हणून बोटांनी बॉल मागे टॅप करतो, आणि तो टॅप इतका जोरात बसतो की बॉल अर्ध्या कोर्टच्या पलीकडे, स्वतःच्याच बाजूला पळतो. मागे जातो कोण तर किहाय क्लार्क, पहिल्या वर्षाचा, उंची ५ फूट ९ इंच, टीममधला सगळ्यात बुटका. तो पाठमोरा पळतो, बॉल उचलतो, वळतो. घड्याळ पळतंय. ९९ टक्के पोरं इथे काय करतील तर अर्ध्या कोर्टवरून देवाचं नाव घेऊन फेकतील, आणि कुणी त्यांना दोष देणार नाही, उलट शेवटपर्यंत लढला म्हणून टाळ्या मिळतील. क्लार्कने मान वर केली आणि जवळच्या सगळ्यांना सोडून लांबलचक सरळ पास थेट डियाकिटेच्या हातात. डियाकिटेने धरला, खाली न आणता तिथूनच टाकला. बॉल हातातून सुटला आणि मग बझर. आत. ७०-७०. ओव्हरटाइममध्ये ८०-७५.

याला नशीब म्हणशील? टॅप तिकडे गेला हे नशीब. पण दोन गोष्टी बघ. एक, डियाकिटे टॅप करून बघत उभा राहिला नाही. तो रिंगपासून दहा-बारा फुटांवर बॉलकडे तोंड करून, हात तयार ठेवून उभा आहे. आपली पोरं टॅप झाला की "अरे गेला" म्हणून डोक्यावर हात ठेवतात. दोन, क्लार्कने बॉल उचलताना घड्याळ डोक्यात ठेवलं होतं. प्रॅक्टिसला ज्याने तीन सेकंद म्हणजे किती हे शंभर वेळा अंगातून काढलंय तोच हे करू शकतो. तीन सेकंद खूप असतात रे, पोरांना वाटतं संपले. हातात घड्याळ घेऊन एकदा दाखव त्यांना.

ऑबर्नची मॅच आपल्याकडे पाडव्याच्या रात्री, म्हणजे ७ एप्रिलच्या पहाटे साडेतीननंतर सुरू झाली. दुपारी पुरणपोळी हाणलेली, झोप अनावर, तरी बसलो. शेवटची पाच-साडेपाच मिनिटं राहिली असताना व्हर्जिनिया १० ने पुढे, आणि मग १४-० ची लाट खाल्ली. म्हणजे हरायची सगळी तयारी झालेली. साताठ सेकंद असताना गायने कोपऱ्यातून थ्री मारला, ६१-६०. ऑबर्नने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, ६२-६०. मग तो जेरोमचा प्रकार, पायाला लागून बॉल सुटला, त्याने दोन्ही हातांनी धरला आणि परत ड्रिबल. शिट्टी नाही. ऑबर्नवाले आयुष्यभर बोंबलणार आणि त्यांचं बरोबर आहे. आमची पण एक इंटरझोनलची मॅच अशाच न वाजलेल्या शिट्टीने गेलीये, मला ती पंधरा वर्षांनी झोपेत आठवते, तेव्हा मी त्यांना हसणार नाही.

पण त्यानंतर काय झालं ते नशिबात बसत नाही. १.५ सेकंद, साइडने बॉल, गाय कोपऱ्यात धरतो, हवेत वळून टाकतो, अंगावर फाउल. ०.६ सेकंद. तीन फ्री थ्रो. दोनने मागे. गायने जर्सी ओढून तोंड झाकलं, टीव्हीवर दिसतं ते. सत्तर हजारांच्या आसपास माणसं, फुटबॉलचं स्टेडियम, बास्केटच्या मागे सपाट भिंत नाही, लांबवर पसरलेला अंधार. पहिला आत. दुसरा आत. ऑबर्नने टाइमआउट घेतला, पोराला विचार करायला लावायचं म्हणून. तिसरा आत. ६३-६२. टीमचे शेवटचे सहाच्या सहा पॉइंट त्याचे. जो माणूस सांगतो की मला भीती वाटते, तोच हे करतो, यात मला काही विरोधाभास वाटत नाही, भीती ओळखीची झाली की तिचा हात थरथरवायचा जोर जातो असं मी माझ्या पोरांत पाहिलंय.

फायनलला समोर टेक्सस टेक, देशातला एक नंबरचा डिफेन्स. दोघांनीही आधी कधीच विजेतेपद मिळवलेलं नव्हतं, फायनलला पण पहिल्यांदाच. लोक म्हणत होते ४५-४० ची बोअर मॅच होणार. झाली ८५-७७! दोघांच्या डिफेन्सचा फरक बघण्यासारखा आहे. टेक मधला रस्ता बंद करून तुम्हाला बाजूच्या रेषेकडे ढकलायचे, आणि मग तिथे कोंडायचे. व्हर्जिनिया ढकलत नाही, फक्त आतली जागा भरून ठेवते. हंटरला जारेट कल्व्हरवर लावलं, टेकचा सगळ्यात मोठा खेळाडू, आणि त्याला २२ पैकी ५ च शॉट घालता आले. त्याच हंटरने दुसऱ्या टोकाला २७ पॉइंट मारले. आदल्या वर्षी प्लॅस्टर घालून बाकावर बसलेला पोरगा हा.

टेक ३ ने पुढे, वीसेक सेकंद. जेरोम आत घुसला, तिघांनी घेरला, तिथून त्याने बाहेर मोकळ्या हंटरकडे दिला, थ्री, ६८-६८. जेरोमने स्वतः उडी मारून दोन पॉइंट घेतले असते तरी चाललं असतं, पोरं घेतात, हिरो व्हायची संधी असते. मग शेवटच्या क्षणी व्हर्जिनियाच्या ब्रॅक्स्टन कीने कल्व्हरचा शॉट अडवला आणि ओव्हरटाइम. तिथेही टेक ७३-७० ने पुढे गेलं. नंतर आधी दोन पॉइंट, मग हंटरचा आणखी एक थ्री, ७५-७३, आणि त्यानंतरचे सगळे पॉइंट फ्री थ्रोवर. ओव्हरटाइममध्ये १२ पैकी १२. कोच म्हणून मला या मॅचमधलं एकच वाक्य पोस्टर करून लावायला सांगितलं तर मी हा आकडा लावीन. टेकच्या मोरेट्टीच्या करंगळीला बॉल लागला की नाही हे रेफरीने टीव्हीत बघून व्हर्जिनियाला दिलं, त्यावर लोक अजून वाद घालतात, पण १२ पैकी १२ वर कोण वाद घालणार. गायला मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर दिलं. मी असतो तर हंटरला दिलं असतं.

आता तुझा दुसरा प्रश्न. शिकव, बिनधास्त शिकव. आपल्याकडच्या कॉलेज लेव्हलला बाहेरचे शूटर कमी, ड्राइव्ह करणारे जास्त, म्हणजे पॅक लाइनला याहून चांगलं गिऱ्हाईक नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय) नियमात २४ सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकायची मुदत, तिकडे कॉलेजला ३०, म्हणजे तुझ्या पोरांना सहा सेकंद कमी टिकायचंय. फक्त ज्या स्पर्धांना शॉट क्लॉकच लावलेला नसतो (तुला माहितेय कुठल्या) तिथे सांभाळ, समोरचा शहाणा असेल तर बॉल बाहेर फिरवत बसेल आणि तू पाच पॉइंटने मागे असशील तर मेलास. तेव्हा प्रेस, म्हणजे अख्ख्या कोर्टवर दाबणारा डिफेन्स, हाताशी ठेव.

रेष प्रत्यक्ष काढ. रिंगच्या बरोबर खाली खूण कर, तिथे एक पोरगा सुतळीचं टोक धरून बसव, १६ फूट म्हणजे ४.९ मीटरच्या आसपास सुतळी मोज, दुसऱ्या टोकाला चुना घेऊन अर्धगोल फिर. दोन दिवसांत पुसून जातो, परत काढायचा, पोरांनाच काढायला लाव. मग चार विरुद्ध चार, आत घुसायचं नाही, नुसता बाहेरून पास, आणि बॉल हवेत असतानाच चौघं हलले पाहिजेत, हातात पडल्यावर नाही. ज्याचा पाय रेषेबाहेर राहिला त्याचं नाव मोठ्याने घे. क्लोजआउटला शेवटची तीन पावलं बारीक, एक हात वर, उडी नाही. पहिले पंधरा दिवस पोरं तोंड वाकडं करतील की सर यात मजा नाही. करू दे. आणि एकदम सगळं नको, आधी हाफ कोर्ट, स्क्रीन न लावता.

फ्री थ्रो आरामात उभं राहून शंभर मारायला लावू नकोस, उपयोग शून्य. लाइन टू लाइन पळव, धाप लागलेली असतानाच दोन टाकायला लाव, चुकला तर अख्खी टीम पळणार. आमची ती इंटरझोनल शिट्टीने गेली असं मी वर म्हटलं ना, खरं तर त्याआधी आम्ही सात फ्री थ्रो सोडले होते. शिट्टी सांगायला बरी वाटते.

एक राहिलं. त्या विजेतेपदानंतर बेनेटच्या व्हर्जिनियाने या स्पर्धेत एकही मॅच जिंकली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सीझन तोंडावर असताना ते रिटायर झाले, आणि २०२५ ला त्यांच्या जागी कोण आला तर रायन ओडम, यूएमबीसीचा त्या रात्रीचा कोच. पण मला सांगायचंय ते २०२३ चं. १६ मार्च, म्हणजे यूएमबीसीला बरोबर पाच वर्षं, समोर फरमन. काही सेकंद राहिलेत, व्हर्जिनिया दोनने पुढे, बॉल किहाय क्लार्ककडे, आता पाचव्या वर्षातला, टीममधला सगळ्यात जाणता. दोघांनी कोपऱ्यात कोंडला. टाइमआउट शिल्लक होता. त्याने न बघता बॉल वर भिरकावला, फरमनच्या माणसाने धरला, पुढे दिला, थ्री, ६८-६७, गेली मॅच.

माझ्याकडे दोन्ही क्लिप फोनमध्ये आहेत. सीझनच्या पहिल्या दिवशी पोरांना आधी २०२३ ची दाखवतो, मग २०१९ ची, आणि विचारतो हा एकच पोरगा आहे का. निम्मी पोरं नाही म्हणतात. मग बॉल काढतो, बोर्डवर ५.९ लिहितो आणि एकाला फ्री थ्रो चुकवायला सांगतो.